बहात्तर सालची बाटली

वाल्मिकची खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लावून टाकली. गावातल्या निम्म्या पोरांची तीच आहे. आई म्हणते, थंडी होती. म्हणजे कडाक्याच्या थंडीत जन्मलेला हा माणूस सरकारी कागदावर भर उन्हाळ्यात जन्मला आणि तेव्हापासून निमूटपणे त्याच तारखेला एकेक वर्षानं म्हातारा होत आला. साल तेवढं पक्कं आहे, बहात्तर. ते विसरायची सोयच नाही. त्याची आई भागिरथीबाई तेव्हा शेवगावच्या वरच्या अंगाला पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिथंच कळा सुरू झाल्या आणि कामावरच्या बायकांनी दोन लुगड्यांचा आडोसा धरून तिला मोकळं केलं. पंधराव्या दिवशी ती पुन्हा खडीवर हजर होती.

त्या सालचं घरात काही म्हणजे काही उरलं नाही. फोटो निघालेला नव्हता. तांब्यापितळेची भांडी त्याच वर्षी मोडीत गेली. पाळण्याऐवजी झोळी होती, ती विरून गेली. आपल्या जन्मसालची एखादी तरी वस्तू हातात धरावी असं माणसाला वाटलं तर त्यात वावगं काय? वाल्मिकला फार वाटायचं. आणि ती वस्तू म्हणून त्यानं काय निवडावं, तर स्कॉटलंडची व्हिस्की. आता याला काय म्हणायचं ते म्हणा, पण आधी त्याचंही ऐकून घ्या.

वाल्मिक साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. आईबापांनी हयातभर ऊस तोडला, त्या उसाची साखर झाली, साखर होताना मळी निघाली आणि त्या मळीचं स्पिरिट काढायला त्यांचाच पोरगा बी.एस्सी. होऊन उभा राहिला. भागिरथीबाई पाहुण्यांना ‘शुगर फॅक्टरीत हाय’ एवढंच सांगते. डिस्टिलरी हा शब्द तिनं सव्वीस वर्षांत तोंडातून काढलेला नाही. तिथलं काम म्हणजे नुसती घाई. आज मळी आंबायला घातली की परवा उकळायची आणि आठवड्याच्या आत टँकर भरून गेटाबाहेर. आणि त्यात सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेली एक गोष्ट असते, तिचं नाव घट. टाकीतलं स्पिरिट उडतं. उन्हाळ्यात जास्तच उडतं. पण एक्साइजच्या साहेबाला हवेशी काही देणंघेणं नसतं; ठरलेल्या प्रमाणापेक्षा थेंबभर जास्त घट आली की खुलासा द्या. एका मे महिन्यात साठ लिटर कमी भरले, तर वाल्मिकनं चार पानं खुलासा लिहिला होता. स्वतःच्या लग्नाच्या याद्याही त्यानं इतक्या मन लावून लिहिल्या नव्हत्या.

अशा माणसाला सतरा-अठरा वर्षांपूर्वी कारखान्यानं पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. शेवटच्या दिवशी तिथल्या तज्ज्ञानं सगळ्यांना बोटभर सिंगल माल्ट व्हिस्की दिली आणि सांगितलं की ही बारा वर्षं लाकडी पिंपात पडून होती. दर वर्षी पिंपातली दोन टक्के हवेत उडून जाते. तिकडचे लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. कुणी खुलासा मागत नाही. उलट जेवढी उडाली तेवढी उरलेली महाग. चाळीस वर्षांनी पिंप उघडलं तर कधी कधी अर्धंही भरत नाही, आणि ते भरून ठेवणारा माणूस तोवर नोकरीत नसतो, बऱ्याचदा जगातही नसतो.

वाल्मिकच्या हातातला पेला हातातच राहिला. आपल्याला कधीच चाखायला मिळणार नाही हे माहीत असून एक माणूस पिंप भरतो, बूच ठोकतो, वर खडूनं साल लिहितो आणि घरी जेवायला जातो. ही गोष्ट त्याला देवळात ऐकलेल्या कुठल्याही कथेपेक्षा मोठी वाटली. मग त्यानं घोट घेतला, आणि त्या दिवसापासून तो त्या चवीचा झाला.

पिण्यात तो कंजूष होता. वर्षाला एक बाटली, आणि तीही मोजून. पण वेड साधं नव्हतं. एकदा मोबाईलवर शोधता शोधता त्याला एक बाटली दिसली: बहात्तर साली पिंपात भरलेली. किंमत चाळीस हजार. त्यानं बायकोला, सत्यशीलाला, विश्वासात घेऊन पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. चाळीस जमले तेव्हा ती नव्वद हजारांची झाली होती. नव्वद जमेपर्यंत मुलीचं इंजिनीअरिंग आलं आणि बाटली अडीच लाखांवर गेली. त्यानंतर तो नुसता बघायचा. चार लाख, सहा लाख. कोण घेतं, कशाला घेतं, कळत नव्हतं. नेहमीच्या बाटल्यांचीही तीच तऱ्हा. अठरा वर्षांची जी पूर्वी सहा हजारांना यायची ती विसाच्या घरात गेली, म्हणून तो पंधरावर उतरला, मग बारावर. दर वर्षी त्याचं वय वाढत होतं आणि त्याच्या बाटलीचं कमी होत होतं. सत्यशीला म्हणायची, असंच चाललं तर रिटायर होईपर्यंत पुन्हा मळीवर याल.

तर अशात परवाच्या जानेवारीत नगरहून काकासाहेबांचा फोन आला.

काकासाहेबांचे पूर्वी मळीचे टँकर होते. कारखान्याच्या गेटावर ते स्वतः टँकरच्या टपावर चढून माप बघायचे, त्यामुळे वाल्मिकशी जुनी ओळख. पुढं केडगावच्या बाजूला त्यांची जमीन बायपासला लागली, टँकर विकले, सावेडीत बंगला झाला. फोनवर ते म्हणाले, “केमिस्टसाहेब, एक बाटली हाय माज्याकडं. धा-आकरा वर्सांमागं दुबईला गेल्तो तवा आनली. आता पोरगा लंडनवरनं आलाय, तो म्हनतो ही लिलावात लावायची, आकरा लाख येतील. पन बाटली जरा उतरल्यासारकी दिसती. तुमी एकदा नजर टाका.”

“कुठल्या सालची आहे?” वाल्मिकनं सहज विचारलं.

“थांबा, चष्मा लावतो. बहात्तर लिवलंय बगा. चाळीस वर्सं मुरवल्याली.”

वाल्मिकनं फोन ठेवला. पंधरा वर्षं जिच्यामागं पळत होतो ती पासष्ट किलोमीटरवर, ओळखीच्या माणसाच्या कपाटात होती. त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी तो प्रयोगशाळेतला मोडीत काढलेला इलेक्ट्रॉनिक काटा पिशवीत घालून मोटरसायकलनं मिरीच्या रस्त्यानं नगरला निघाला.

सावेडीच्या त्या बंगल्यात काकासाहेबांच्या बायकोनं, लंकाबाईंनी, लोखंडी कपाट उघडलं. पैठण्यांच्या कप्प्यात, मऊ सुती कापडाच्या घडीत, बाळंतिणीशेजारी मूल निजवावं तशी बाटली आडवी झोपवलेली होती.

“काकू, आडवी का ठेवलीये?” वाल्मिकचा आवाजच बदलला.

काकासाहेबांनी छाती जरा पुढं काढली. “आमी नाशकाला सहलीला गेल्तो, द्राक्षाची वाइन करत्यात तिथं. तळघरात हजारभर बाटल्या, समद्या आडव्या. त्यो पोरगा म्हनला, बूच ओलं ऱ्हायला पायजे, उभी ठिवली की बूच वाळतं. घरी आलो आन् पयलं काम म्हंजी ही आडवी केली.”

वाल्मिकनं कपाळाला हात लावला. वाइन ती वाइन. तिच्यात दारू ती किती, बारा-तेरा टक्के. तिनं बूच भिजतं. व्हिस्कीत चाळिसाच्या वर. ती बुचाला भिजवत नाही, खाते. नाशिकला जाऊन अर्धंच शहाणपण घेऊन येणारी आपल्याकडं पुष्कळ आहेत, पण ते इतकं महाग क्वचितच कुणाला पडलं असेल. त्यानं बाटली दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली. आतला रंग जुन्या सागवानासारखा होता. व्हिस्की मानेपर्यंत असायला हवी होती ती खांद्याशी आली होती. वरची धातूची टोपी धड होती, पण तिच्या कडेला चिकट काळसर रेघ उमटलेली. दहा वर्षं ती बुचातून थेंबाथेंबानं पाझरत होती.

“कापड बघू,” तो म्हणाला.

लंकाबाईंचं ते जुन्या सुती पातळाचं फडकं होतं. एका कोपऱ्यात तळहाताएवढा तांबूस डाग पडला होता, आणि त्यावर घड्या घट्ट बसलेल्या. “धुवून टाकते आता,” त्या म्हणाल्या.

“धुवू नका,” वाल्मिक इतक्या झटकन म्हणाला की त्या दचकल्या. त्यानं घडी उलगडली आणि डाग नाकाशी नेला.

सांगायचं कसं? आधी मध आला, जाड, जुना. मग मनुका. मग रंधा मारलेल्या लाकडाचा वास, आणि त्याच्यामागून थोडा धूर. वाल्मिकनं डोळे मिटले. नोकरीची सव्वीस वर्षं त्यानं नाकावर काढली होती. टाकीत काय चाललंय ते तो झाकण उघडण्याआधी सांगायचा. पण हा वास एक नव्हता, एकाच्या आत एक होता आणि दर वेळी आणखी आतलं दार उघडत होतं. अगदी शेवटी, सगळ्यांच्या तळाशी, काहीतरी साधं होतं, ओल्या धान्यासारखं. चाळीस वर्षं लाकडात आणि वर दहा वर्षं फडक्यात काढूनही ते गेलं नव्हतं. आपण एवढेसे होतो, झोळीत होतो, तेव्हाची ही आहे, असं मनात आलं आणि त्याला त्या बैठकीच्या खोलीत उगीचच हात जोडावेसे वाटले.

“काय वं साहेब?” काकासाहेबांनी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “वजन करू.”

काट्यावर आकडा आला १३८६.४ ग्रॅम. त्यानं तो डायरीत लिहिला. बाटली उभी करून त्याच कपाटात ठेवली आणि काकासाहेबांना नीट समजावून सांगितलं. आता ही उभीच राहील. पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करायचं. वजन तेवढंच भरलं तर बूच अजून धरून आहे, बाटली लिलावाला खुशाल पाठवा. कमी भरलं तर उभ्यानंही उडते आहे, मग कुणी दमडी देणार नाही. तिचं एकच करता येईल.

“फोडायची?” काकासाहेबांनी विचारलं.

“फोडायची आणि प्यायची.”

“मग तुमी आन् मी,” काकासाहेब म्हणाले. “तुमच्याबिगर उगडायची न्हाई. शबुद हाय.” त्यांचा मुलगा महेंद्र बाजूलाच लॅपटॉप घेऊन बसला होता. पंधरा दिवसांनी सोमवारी त्याचं विमान होतं. तो हसून वाल्मिकला म्हणाला, “काका, माझं सगळं तुमच्या काट्यावर आहे.”

ते पंधरा दिवस वाल्मिकनं कसे काढले ते सत्यशीलाला विचारावं. जेवताना हात थांबायचा. शिफ्टवर त्यानं एकदा नमुन्याची बाटली उलटी धरली. घट हवी, असं सव्वीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच वाटत होतं. दोन ग्रॅम नको, एक ग्रॅम तरी. ज्या घटेपायी आयुष्यभर साहेबांच्या शिव्या खाल्ल्या तिच्यासाठी हा माणूस आता मनोमन नवस बोलत होता.

ठरल्या रविवारी दुपारी तो सावेडीला पोचला तर टेबलावर तीन पेले धुऊन, पुसून उलटे मांडून ठेवलेले. शेजारी पाण्याचा तांब्या. काकासाहेब इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. महेंद्र बाहेर कुठं कुरिअरच्या पेटीची व्यवस्था करायला गेला होता. लंकाबाई चहा टाकायला आत गेल्या.

वाल्मिकनं काटा टेबलावर ठेवला, सपाट केला, शून्यावर आणला. खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला; वाऱ्यानं काटा हलतो. मग बाटली उचलून हळूच ठेवली आणि हात काढून घेतला. आकडे थोडे वरखाली झाले आणि थांबले.

१३८६.४.

त्यानं बाटली उचलली, काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा ठेवली. तेच. तिसऱ्यांदाही तेच. बूच धड होतं. बाटली आडवी निजवली म्हणून ते गळत होतं. ती उभी केल्याबरोबर गळायचं थांबलं.

काकासाहेब काट्याकडं बघत नव्हते. ते वाल्मिकच्या तोंडाकडं बघत होते. मागचा आकडा त्यांच्या लक्षात असण्याचा प्रश्नच नव्हता. तो वाल्मिकच्या डायरीत होता आणि डायरी खिशात. त्याला काहीच करायचं नव्हतं. ‘चार ग्रॅम कमी आहे’ एवढे चार शब्द. मग टोपी कापली जाणार, बूच निघणार, आणि टेबलावरच्या त्या पेल्यात त्याच्या जन्माचं साल ओतलं जाणार. नुसतं हुंगायला नाही, प्यायला. कुणाचं काय बिघडलं असतं? अकरा लाख काही काकासाहेबांच्या जेवणातले नव्हते. बायपासच्या जमिनीनं त्यांना तसले कितीतरी दिले होते. आणि लंडनच्या लिलावात ती घेणारा तरी काय करणार, तोही कपाटातच ठेवणार. बाटलीत व्हिस्कीचं वय थांबतं, किमतीचं तेवढं वाढत राहतं. वाल्मिकला हे सगळे मुद्दे एकापाठोपाठ एक सुचत गेले, आणि एकही खोटा नव्हता. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. आयुष्यात कधी चोरी करावीशी वाटली असेल तर ती त्या क्षणी.

पण आकडा समोर होता. सव्वीस वर्षं त्यानं डायरीत जसा दिसला तसा आकडा लिहिला होता. एकदा साहेबांनी दम भरला, एकदा वरच्यांनी पाकीट पुढं केलं, तरी लिहिला होता. आज समोर कुणी दम देणारा नव्हता. फक्त एक म्हातारा होता, ज्यानं त्याच्या शब्दावर बाटली सोपवली होती.

“तेवढंच आहे,” वाल्मिक म्हणाला. “एक थेंब कमी नाही. बूच ठीक आहे, काकासाहेब. बाटली पाठवा. फक्त उभी न्यायला सांगा.”

काकासाहेब खूश होतील म्हणून त्यानं वर पाहिलं, तर त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“नक्की?” त्यांनी विचारलं.

“तीनदा केलं.”

काकासाहेबांनी एक उलटा पेला सुलटा केला, आत बघितलं, पुन्हा उलटा ठेवला. “खरं सांगू का साहेब,” ते म्हणाले, “तुमी ‘गेली’ म्हनावं आसं वाटत हुतं.”

“तुम्हाला?”

“मग कुनाला? धा वर्सं कपाटात बगतोय. दर दिवाळीला म्हनायचो, औंदा फोडू. आन् दर दिवाळीला पोरगा फोनवर सांगायचा, बाबा, चार लाख झाली, बाबा, सात लाख झाली. हात मागं यायचा. आता हिशेब केला तर एक पेग सत्तेचाळीस हजाराला पडतो. सत्तेचाळीस हजार घशाखाली उतरतील का वं? मळीच्या टपावर बसून ज्यानं शिळी भाकर खाल्ली त्याच्या?” ते थोडं हसले. “बिगडली आसती तर बिनघोर पेलो आसतो. तुमच्यासंगं.”

म्हणजे पंधरा दिवस सावेडीतही घटेसाठीच नवस चालला होता. ‘मग फोडा की’ हे शब्द वाल्मिकच्या ओठांवर आलेही होते. पण महेंद्र पेटी आणायला गेलाच होता, आणि काकासाहेबांच्या डोळ्यांतलं अकरा लाखांचं दडपण त्याला स्पष्ट दिसत होतं. ती बाटली त्याला परवडत नव्हती हे ठीक. पण तिच्यासाठी ज्यानं पैसे मोजले होते त्या मालकालाही आता ती परवडत नव्हती. किमतीचं हे असलं बळ त्यानं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं आणि त्याला त्याची भीतीच वाटली.

त्यानं काटा पिशवीत घातला. लंकाबाईंनी चहा दिला तो प्यायला. निघताना मात्र उंबऱ्याशी थांबून, जरा लाजतच, तो म्हणाला, “काकू, ते फडकं आहे का अजून?”

“ते? हाय की. तुमी धू नको म्हनलात म्हनून स्टीलच्या डब्यात झाकून ठिवलंय. काय करायचं त्याचं?”

“मला द्याल?”

लंकाबाई नवऱ्याकडं बघून हसल्या. “बगा, आकरा लाखाची बाटली सोडून फडकं मागत्यात साहेब.” पण काकासाहेब हसले नाहीत. ते उठले, स्वतः आत गेले आणि डब्यासकट फडकं आणून वाल्मिकच्या हातात दिलं. डबा परत आणायची गरज नाही म्हणाले.

दिवेलागणीला तो शेवगावात घरी पोचला. भागिरथीबाई ओट्यावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. त्र्याहत्तर वर्षांची बाई, नजर अधू झालेली, पण नाक लेकासारखंच तिखट. खरं तर लेकाला ते तिच्याचकडून मिळालेलं. वाल्मिक तिच्याशेजारी टेकला. सत्यशीलाकडून वाटीभर कोमट पाणी मागून घेतलं, डबा उघडला आणि डागावर दोन बोटांनी थोडं पाणी शिंपडलं. पाण्यानं वास जागा होतो, हे धंद्यातलं ज्ञान. तो जागा झाला आणि ओट्यावर पसरला.

म्हातारीचे हात थांबले. “काय आनलंस रं? गूळ हाय का?” तिनं नाक वर केलं. “न्हाई, गूळ न्हाई. मध पन न्हाई. काय हाय?”

“माझ्या सालची वस्तू हाय, आई. बहात्तर सालची. परदेशातली.”

“दारू हाय व्हय?”

“हुती. आता नुसता वास हाय.”

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. पण तिनं हात पुढं केला. त्यानं फडकं तिच्या हातात दिलं. तिनं ते आधी बोटांनी चाचपलं, सूत बघितलं, मग नाकाशी नेलं आणि तशीच बसून राहिली. वाल्मिकनं तिला पिंपांचं सांगितलं. चाळीस वर्षं ते कुणी हलवत नाही, त्यातलं निम्मं हवेत जातं, ज्यानं भरलं त्याला ते कधीच मिळत नाही. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. ती वासाच्या आत आत कुठंतरी शिरत चालली होती, आणि तिथं तिला एक ओळखीचं काहीतरी सापडलं.

“कशापास्नं करत्यात ह्ये?” तिनं विचारलं.

“सातूपासनं.”

“सातू?” तिनं फडकं नाकापासून दूर केलं आणि अधू डोळ्यांनी लेकाकडं बघितलं. “बहात्तर साली?”

“व्हय. त्याच साली कापला, भिजवला, उकळला आन् पिंपात भरला.”

बहात्तर साली भागिरथीबाईच्या डोळ्यांपुढं होती ती तडकलेली काळी जमीन, खडीचे ढीग आणि सरकारनं वाटलेली अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. चारी दिशांना जिथवर नजर जात होती तिथवर तेच होतं, आणि नजरेच्या पलीकडं काही असेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“म्हंजी कुटंतरी पिकलं हुतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, समद्या पिरथमीवरच काय न्हाई.”

वाल्मिकनं नुसती मान हलवली.

“पाऊस हुता का रं तिकडं?”

“हुता, आई. लई हुता.”

तिनं फडकं पुन्हा तोंडाशी धरलं आणि डोळे मिटले.

“बरं झालं,” ती म्हणाली.